दमनकाचं पुढं काय झालं?

औदुंबरला दत्ताच्या देवळापासून घाट थेट कृष्णेत उतरतो. पलीकडच्या काठाला भिलवडी. पावसाळा सरून पाणी निवळलं आणि थंडीचं ऊन पडायला लागलं, की या पट्ट्यात मगरी काठावरच्या गाळावर येऊन पडतात. वनखात्याचे फलक आहेत, सावधगिरीच्या सूचना आहेत. इथं मगरीनं माणसं नेलेली आहेत, त्यामुळं धुणं धुणाऱ्या बायकांपैकी एकीचं लक्ष कायम पाण्याकडं असतं. बाकी मगर कुणाला फसवत नाही. ती मित्र म्हणून येत नाही, पाठीवर बसवून सासुरवाडीला नेत नाही. भूक लागली की पाण्याखालून येते.

फसवणारी मगर गोष्टीतली. बायकोला माकडाचं काळीज खायचंय म्हणून मित्राला पाठीवर घेणारी आणि भर पाण्यात खरं बोलून बसणारी. पंचतंत्रात त्या माकडाचं झाड जांभळाचं आहे, तेच आपल्याला पाठ असतं. पण जातकांमध्ये ही गोष्ट 208 व्या, सुंसुमार जातकात येते, तिथं काळजाची पाळी आल्यावर माकड नदीकाठच्या पिकलेल्या झाडाकडं बोट दाखवतं आणि म्हणतं, आमची काळजं ती बघ तिकडं लटकलीत. ते झाड उंबराचं. औदुंबर, खाली नदी, नदीत मगर. गोष्ट इथं घडली असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण या घाटावर ती आठवली नाही तर माणूस मराठी शाळेत गेलेला नसावा.

आता जरा नीट बघितलं तर या गोष्टीत दोघंही खोटं बोलतात. मगर बोलते, माकडही बोलतं, आणि जातकातलं माकड तर साक्षात बोधिसत्त्व. तरी फसवी ठरते ती मगरच. माकडाला आपण हुशार म्हणतो. पिढ्यानपिढ्या कुठल्याच पोरानं यावर हरकत घेतलेली नाही, कारण पोराला न सांगता कळतं की दोघांपैकी कुणाचं काळीज जाणार होतं.

माझी आजी माण तालुक्यातली. पाऊस कमी, मेंढरं जास्त, आणि मेंढरांमागं लांडगे, असा तो मुलूख. तिच्या गोष्टींमधला कोल्हा बोरं खायचा, काकड्या खायचा. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण त्याच कोल्ह्याची. द्राक्षं आंबट म्हणणारा कोल्हा वेगळा, तो इसापाबरोबर आला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 साली इसापनीती मराठीत आणली, त्यानंतर तो आपल्याकडं इतका रुळला की आज तासगावच्या बागेत उभं राहून लोक त्याचं नाव घेतात आणि तो परका असल्याची कुणाला शंका येत नाही. आजीला तो ठाऊक नव्हता. तिच्या गोष्टीला तात्पर्यही नसायचं. तात्पर्य शाळेच्या पुस्तकात, धड्याच्या शेवटी, वेगळ्या ओळीत. आजी गोष्ट संपली की म्हणायची, “झोपा आता, लई रात झाली.”

लेकीकडं निघालेल्या म्हातारीची गोष्ट ती रंगवून सांगायची. वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो. म्हातारी म्हणते, आत्ता माझ्या अंगात काय हाय, लेकीकडं जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होऊन येते, मंग खा. आणि परतताना भोपळ्यात बसून त्यांच्या नाकासमोरून निघून जाते. म्हणजे सरळ सरळ दिलेला शब्द मोडते. “आजी, म्हातारी खोटं बोलली की,” असं माझ्या चुलतभावानं एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली, “आरं मंग काय वाघाला खरं सांगून मरायचं व्हय तिनं?” नीतीचा तास तिथं संपला.

पण सगळ्याच गोष्टी इतक्या सरळ नसतात. सगळ्यात लहान पोरांना आपण जी सांगतो, ती चिमणी-कावळ्याची, मला मोठेपणी फार क्रूर वाटायला लागली. ही गोष्ट जुनी आहे. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींनी मुलांना ती सांगितल्याची नोंद आहे, तिथं चिमणीऐवजी साळई आहे. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, चिमणीचं मेणाचं टिकतं. कावळा भिजत दारात उभा, आणि आत चिमणी बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, झोपवते, दार काही लवकर उघडत नाही. काही घरांत गोष्ट इथंच थांबते. काही घरांत पुढं कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवतात आणि पोरं खदाखदा हसतात. त्याचा गुन्हा काय? घर शेणाचं होतं हा. तो घाणेरडा, लबाड, आयतोबा असल्याचं आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं, म्हणून चटका त्याला शोभतो. ‘करावं तसं भरावं’ हे ज्या तोंडानं आपण म्हणतो, त्याच तोंडानं ‘भरलं म्हणजे केलंच असणार’ असंही म्हणून टाकतो. आजीच्या गोष्टीत तवा नव्हता. ती कावळ्याला शेवटी चुलीपुढं बसवायची. तिचं स्वतःचं माहेर शेणामातीचं होतं, त्याचा काही संबंध असेल.

पंचतंत्राकडं मी उशिरा वळलो, म्हणजे पुस्तक म्हणून. गोष्टी सुट्या सुट्या माहीत होत्या, त्या कुणाच्या पोटात बसवलेल्या आहेत ते माहीत नव्हतं. मुंबईत 1822 साली छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या मराठी पुस्तकांमध्ये ‘पंचोपाख्यान’ आहे, म्हणजे छापखाना आला तेव्हा आपण आधी धावलो ते याच जनावरांकडं. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याची तीन मठ्ठ पोरं, आणि सहा महिन्यांत त्यांना राजनीतीत तयार करतो म्हणणारा विष्णुशर्मा. पहिल्याच तंत्रात पिंगलक नावाचा सिंह आणि संजीवक नावाचा बैल यांची मैत्री जमते. दमनक नावाचा कोल्हा, दरबारातलं वजन गेलेला, दोघांच्या कानाला लागतो. सिंहाला सांगतो, बैल तुझ्या जिवावर उठलाय. बैलाला सांगतो, सिंह तुला खाणार आहे. दोघंही एकमेकांकडं त्याच नजरेनं बघायला लागतात, आणि एक दिवस सिंह बैलाला मारतो.

आणि दमनकाचं? काही नाही. सिंह थोडा वेळ रडतो, दमनक त्याची समजूत घालतो, राजानं असं हळवं होऊ नये म्हणतो, आणि पुन्हा मंत्री होतो. तंत्र संपलं. मधे बगळ्याची मान खेकडा तोडतो, ससा सिंहाला विहिरीत पाडतो, निळा रंगलेला चंडरव कोल्हा कोल्हेकुई ऐकून न राहवून ओरडतो आणि मरतो, लोखंडाचा तराजू उंदरांनी खाल्ला म्हणणाऱ्या सावकाराला ‘तुझं पोर ससाण्यानं नेलं’ असं ऐकावं लागतं. पोटातल्या गोष्टींमध्ये असा चोख हिशेब. आणि ज्या गोष्टीच्या पोटात हे सगळं आहे ती बेहिशेबी. पोरांच्या रंगीत पुस्तकांमध्ये ही बाहेरची गोष्ट सहसा अर्धीच सांगतात. का ते उघड आहे.

यातली खरी गंमत पुढं आहे. हा ग्रंथ सहाव्या शतकात बुर्झोय नावाच्या वैद्यानं इराणच्या राजासाठी पहलवी भाषेत नेला. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यानं तो अरबीत आणला, ‘कलीला व दिम्ना’. दमनक आणि त्याचा सोबती कोल्हा करटक यांचीच ही नावं. आणि अरबीत एक नवं प्रकरण आलं, जे संस्कृतात नाही. दिम्नावर खटला चालतो. साक्षी होतात, सिंहाची आई मधे पडते, दिम्ना आपली बाजू फार छान मांडतो, आणि शेवटी तुरुंगात मरतो. दमनक असा सुटलेला कुणाला तरी बघवला नाही. हजार मैलांवर, दुसऱ्या भाषेत, एक माणूस बसून म्हणाला असेल, हे असं कसं, आणि त्यानं उरलेला न्याय स्वतःच्या शाईनं करून टाकला. तो इब्न अल-मुकफ्फा पुढं बसऱ्याच्या सुभेदाराकडून हाल हाल करून मारला गेला, ऐन उमेदीत. त्याच्या खटल्याचं प्रकरण कुणी लिहिलं नाही.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याखाली फिरताना मला दमनक नेहमी आठवतो. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारनं 1839 च्या सप्टेंबरात गादीवरून काढलं. आरोप असा की ते गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि इतरांशी कट करत होते. पुरावे बनावट होते, आणि ते बनवण्यात बाळाजीपंत नातूंचा हात होता, हे महाराजांच्या बाजूचं म्हणणं. हेच ते नातू, ज्यांनी 1817 मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लावलं. इकडं रेसिडेंटाच्या कानात, तिकडं दरबारात. पिंगलक आणि संजीवक शोधायची गरजच पडत नाही. महाराज काशीत 1847 साली वारले, 1848 मध्ये राज्यच खालसा झालं. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते 1840 पासून 1853 पर्यंत लंडनमध्ये दारोदार फिरून कंपनीच्या मालकांना सांगत राहिले की आमच्यावर अन्याय झालाय. सिंहाला बैलाची बाजू कळावी म्हणून तेरा वर्षं. परत आले, सत्तावन्न आलं, त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यात फाशी गेला, आणि स्वतः रंगो बापूजी बेपत्ता झाले ते झालेच. नातूंना इनामं मिळाली होती. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी पुढं ‘हिंदवी स्वराज्याचा खून’ लिहिलं, त्यात त्यांनी नातूंची जी काही धुलाई केली आहे ती वाचताना मला तो अरबी लेखकच आठवतो. उरलेलं प्रकरण, आपल्या शाईनं.

राज्य खालसा झालं तेव्हा साताऱ्यात रेसिडेंट होते बार्टल फ्रिअर. पुढं ते मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि त्यांची मुलगी मेरी 1865-66 च्या हिवाळ्यात त्यांच्याबरोबर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाली. बरोबर आया होती, ॲना लिबेराता डिसोझा. तिनं आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या आणि मेरीनं त्या 1868 मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावानं छापल्या. त्यात पिंजऱ्यातला वाघ आहे. एक ब्राह्मण दया येऊन त्याला सोडतो, वाघ लगेच खायला उठतो, आणि ब्राह्मण म्हणतो, थांब, सहा जणांना विचारू हे न्याय्य आहे का. वडाला विचारतात, उंटाला, बैलाला, गरुडाला, मगरीला. पाचही जण म्हणतात, खाऊ दे की. माणूस आमच्या सावलीत बसतो आणि फांद्या तोडतो. म्हातारे झालो की उपाशी मारतो. प्रत्येकाचं म्हणणं खरं. पाच न्यायाधीश, पाचही खरे, आणि निकाल संपूर्ण चुकीचा. मग कोल्हा येतो. तो न्याय करतच नाही. तो वेड पांघरतो. कोण पिंजऱ्यात होतं? तुम्ही होता? नाही, वाघ? मला बाई कळतच नाही, डोकं गरगरतंय. वैतागून वाघ दाखवायला पिंजऱ्यात शिरतो, हा असा होतो मी! आणि दार लागतं. दुसऱ्याचं घर गिळून बसलेला आणि त्याला न्याय म्हणणारा वाघ, ही गोष्ट रेसिडेंटाच्या पोरीनं एका आयाच्या तोंडून टिपून घेतली. सांगणारीच्या मनात काय होतं कुणास ठाऊक. बहुतेक काहीच नसेल, गोष्ट चांगली आहे म्हणून सांगितली असेल.

अरबीत जोडलेला तो खटला सोडला, तर एक मात्र या सगळ्या गोष्टींमध्ये सारखं दिसतं, आणि ते ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली. लबाडाला शिक्षा राजा कधी करत नाही. राजा असलाच तर तोच फसतो. शिक्षा होते ती खेकड्याच्या नांगीनं, सशाच्या विहिरीनं, कोल्ह्याच्या वेडाच्या सोंगानं. म्हणजे ज्याचा जीव जाणार होता त्याच्याच हातून, त्याच्याजवळ जे असेल त्यानं. जिथं तसं कुणी नसतं, तिथं दमनक मंत्री होतो.

आमच्याकडं या नांगीला एक काळ प्रत्यक्ष रूप आलं होतं. तेव्हा सातारा आणि आजच्या सांगलीतला बराच भाग हा एकच जिल्हा. बेचाळीसच्या चळवळीनंतर, साधारण 1943 ते 1946, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथं गावोगाव चाललं. येडेमच्छिंद्रचे नाना, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा. शेणोलीजवळ आगगाडी अडवली, सरकारी पैसा नेला, तेही खरं. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते न्यायाचं. गावातच निवाडे व्हायचे. खबऱ्या, गुंड, लुबाडणारा सावकार सापडला की तळपायावर मार. लोक त्याला ‘पत्री मारली’ म्हणायचे, बैलाच्या खुराला मारतात तशी, आणि त्यावरून सरकारचंच नाव पत्री सरकार पडलं. आमच्या घरातली म्हातारी माणसं ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा. एक आजोबा मात्र गप्प व्हायचे. त्यांच्या भावकीत कुणाला तरी ‘चुकून’ पत्री बसली होती, आणि ते चुकून होतं की भावकीच्या भांडणातून, यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही, स्वतःशीसुद्धा. खेकड्याच्या गोष्टीत मानेचा मालक नक्की बगळाच असतो, ही गोष्टीची सोय आहे.

अलीकडची गोष्ट सांगतो, तीही जनावराचीच. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कोंबडी, काळी पिसं, काळं मांस. चारपाच वर्षं तिचं फार कौतुक झालं. इस्लामपूरच्या एका कंपनीनं शेतकऱ्यांना पिल्लं दिली, पैसे घेतले, आणि अंडी-कोंबड्या चढ्या भावानं आम्हीच परत घेऊ म्हणून लिहून दिलं. पोरांनी नोकऱ्या सोडून शेड टाकले. सुरुवातीला पैसे आले, अगदी वेळेवर. 2019 मध्ये व्यवहार कोसळला, गुन्हे दाखल झाले, आणि त्या सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या. गोष्टीतला कावळा तव्यावर बसतो तशी ती कोंबडी रस्त्यावर पडली. तिनं काय केलं होतं? पिंगलकाच्या दारात दाद मागायला गेलेल्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं, एवढंच.

बगळ्याची गोष्ट पुन्हा वाचा. बगळा माशांना थेट फसवत नाही. तो आधी भीती देतो. ज्योतिषी म्हणतात, बारा वर्षं पाऊस नाही, हे तळं आटणार. मग तो उपाय सांगतो: पलीकडं मोठं तळं आहे, एकेकाला चोचीत धरून नेतो. तासगाव, पलूस, मिरज या भागात द्राक्षाच्या बागा बघा. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ जात शोधली तो हा मुलूख. फळछाटणीपासून चार महिने माणूस बागेत राबतो, औषधं मारतो, कर्ज वाढवतो, आणि माल उतरायच्या वेळी आकाशात ढग येतात. इथला बगळा पाऊस येणार म्हणतो. घडांवर पाणी पडलं की मणी तडकतात, चार किलोच्या पेटीचा भाव मातीमोल होतो, हे शेतकऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, म्हणून तर ते लागू पडतं. व्यापारी परप्रांतातला, मोबाईलवर दर सांगणारा, पहिल्या गाड्यांचे पैसे रोख मोजणारा. मग दोन गाड्या उधारीवर. मग मोबाईल बंद. दर हंगामात कुठल्या तरी गावातून ही बातमी येते, आणि पोलीस ठाण्यासमोर पागोटं बांधलेली माणसं वर्तमानपत्रात दिसतात.

आमच्या शेजारच्या तात्यांना मी ही बगळ्याची गोष्ट गेल्या वर्षी सांगितली. त्यांनी ऐकली. त्यांच्या बागेत माणिक चमनचा माल तयार होता आणि दुपारपासून पश्चिमेला काळं आलं होतं. संध्याकाळी व्यापाऱ्याचा माणूस आला. तात्यांनी त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि मग एखादा मामलेदार विचारील तसं विचारायला सुरुवात केली. गाव कुठलं, घरात किती जण, आडतीचं दुकान कुणाच्या नावावर, गेल्या साली कुणाची बाग घेतली, त्याचा फोन लावा बघू. आधार कार्डाचा फोटो काढला, टेम्पोचा नंबर कॅलेंडरवर लिहिला. निम्मे रोख घेतले. “आता काप,” म्हणाले. उरलेले आठ दिवसांत देतो म्हणाला होता, नवव्या दिवशी आला आणि शेवटच्या रुपयापर्यंत चुकते करून गेला.

तात्या आता त्याच्यावर भलते खूश आहेत. माणूस सरळ आहे म्हणतात. यंदा बाग त्यालाच द्यायची ठरलीय, आणि एवढी ओळख झाल्यावर निम्मे रोख मागायला त्यांना जरा संकोच वाटतोय.